बारोन्सचं कपाट आणि आमच्या ओव्यांच्या वह्या

पूर्णाकाठची

लोकसाहित्यावर इथे धागे निघतात, दोन दिवस "आमच्या आजीला किती गाणी यायची" असं चालतं आणि धागा खाली जातो. म्हणून आधीच सांगते, हा धागा आठवणींचा नाही. गाणी गोळा झाल्यावर पुढे त्यांचं काय करायचं, याचा आहे. त्यासाठी एका लात्व्हियन माणसाबद्दल लिहायचंय. नाव क्रिश्यानिस बारोन्स.

माझं थोडक्यात सांगते. दर्यापूर तालुक्यात खारपाणपट्ट्यातलं गाव, शाळेत शिकवते. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, लग्नातली गाणी उतरवून घेतेय. वह्या भरल्या, फोन भरला. आता एकच ओवी चार जणींनी चार तऱ्हांनी सांगितली, तर लिहायची कोणती? हळदीला म्हटलेली ओवी जात्यावरही म्हणतात, मग ती कोणत्या वहीत? बारोन्सपुढे नेमका हाच प्रश्न होता, फक्त दोन लाखांवर गाण्यांचा.

जन्म ३१ ऑक्टोबर १८३५, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या कुर्लँड प्रांतात. जमीन जर्मन जमीनदारांची, राबणारे लात्व्हियन. तिथला भूदासपणा कायद्यानं संपला १८१७ मध्ये, म्हणजे जेमतेम एक पिढी आधी. पुढचं शिक्षण सगळं जर्मनमधून. शिकला की माणूस आपोआप जर्मन होतो, लात्व्हियन ही शेतावरच्या गड्यांची भाषा, असा एकूण रिवाज. हा पोरगा तार्तूच्या विद्यापीठात शिकायला गेला तो पायी. विषय गणित आणि खगोलशास्त्र. पैसे पुरले नाहीत, पदवी न घेताच बाहेर पडला. नंतर सेंट पीटर्सबर्गला लात्व्हियन वर्तमानपत्रात काम केलं. ते १८६२ ला निघालं आणि जमीनदारांवर फार बोलतं म्हणून १८६५ ला बंद पाडलं गेलं. मग पोटासाठी मॉस्कोत एका श्रीमंत रशियन घरात खाजगी शिक्षक. तिथे निघाली पंचवीसेक वर्षं.

गाणी गोळा करायची कल्पना त्याची नव्हे. फ्रिचिस ब्रीवझेम्निएक्स आणि क्रिश्यानिस वाल्देमार्स या मॉस्कोतल्याच लात्व्हियन मंडळींनी ते काम सुरू केलेलं. १८७८ च्या सुमाराला ते बारोन्सकडे आलं आणि पुढे त्याच्याकडेच राहिलं. वर्तमानपत्रांतून आवाहनं गेली, गावोगावचे मास्तर, शेतकरी, विद्यार्थी गाणी लिहून पाठवू लागले. म्हणजे बघा, ज्याला त्याचे लोक "दाइनांचा बाप" म्हणतात (दाइना म्हणजे तिकडची छोटी लोकगीतं, बहुतेक चार ओळींची), तो गावोगाव फिरलाच नाही. तो दूर मॉस्कोत बसून आलेली पाकिटं फोडत होता.

आणि मला वाटतं, म्हणूनच त्याचं काम वेगळं झालं. फिरणाऱ्याला गोळा करण्याची झिंग चढते, हे मी स्वतःवरून सांगते. पुढच्या गावात अजून एक म्हातारी आहे म्हटलं की मागच्या गावातलं लावायचं राहून जातं. बारोन्सला ती सोय नव्हती. त्याच्यापुढे नुसता ढीग होता आणि तो लावायचा होता.

त्यानं काय केलं? प्रत्येक गाणं ३ सेंटिमीटर रुंद, ११ सेंटिमीटर लांब अशा कागदाच्या पट्टीवर बारीक अक्षरात उतरवलं. १८८० मध्ये मॉस्कोच्या सुताराकडून एक कपाट करून घेतलं, ७० खणांचं, प्रत्येक खणात पुन्हा छोटे कप्पे. आज त्यात अडीच लाखांहून जास्त पट्ट्या आहेत. सारखी गाणी शेजारी ठेवायची, एक काढून दुसरीकडे लावून बघायची, जमलं नाही की परत. दिवसा पोरांची शिकवणी आणि उरलेल्या वेळात हे.

१८९३ ला तो रीगाला परतला, १८९४ ला 'लात्व्यू दाइनास' या त्याच्या संग्रहाचा पहिला भाग छापून आला. शेवटचा सहावा खंड आला १९१५ मध्ये, बारोन्स तेव्हा ऐंशीला टेकलेला. सुरुवातीचा पैशाचा भार हेन्री विसेनडॉर्फ नावाच्या माणसानं उचलला, पुढचे खंड सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीनं काढले. ज्या साम्राज्याच्या सेन्सॉरनं वर्तमानपत्र बंद पाडलं, त्याच साम्राज्याच्या अकादमीनं गाणी छापली! १९१८ ला लात्व्हिया स्वतंत्र झाला तो त्यानं डोळ्यांनी पाहिला, आणि ८ मार्च १९२३ ला गेला.

आता माझा मुद्दा. त्यानं गाणी लावली ती माणसाच्या आयुष्याच्या क्रमानं. जन्म, पाळणा, बालपण, तरुणपण, मग लग्न (हा भाग अफाट मोठा आहे), संसार, म्हातारपण, मरण. त्यानंतर शेतीची कामं, सण, धनी आणि गडी, लढाया. जात्यावरची गाणी तिकडेही आहेत, पहाटे उठून दळणाऱ्या पोरींची. लायमा म्हणून एक देवी आहे, ती बाळाच्या जन्माच्या वेळी नशीब ठरवते. मला तर आपली सटवाईच आठवली.

हा क्रम आपल्याकडे चालेल का? की आपल्या ओव्यांना दुसरी काही मांडणी लागेल? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया लिहा. "छान उपक्रम, शुभेच्छा" नको.

रोखठोक

छान उपक्रम, शुभेच्छा. 😀

आता खरं बोलतो. लात्व्हिया कशाला? साने गुरुजींनी खेड्यातल्या बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' काढलं. दुर्गाबाई भागवतांनी मध्य प्रदेशात गोंडांमध्ये राहून काम केलं, त्यात तब्येत घालवली, अनेक वर्षं अंथरुणावर काढली. १९५६ ला 'लोकसाहित्याची रूपरेषा' लिहिली. आपलं असताना बाहेरचं कौतुक, ही सवय आपल्याला आहेच.

पूर्णाकाठची

रोखठोक, दोघांचंही वाचलंय, कपाटात आहे. पण दुर्गाबाईंची 'रूपरेषा' लोकसाहित्य म्हणजे काय, ते कसं बघायचं हे शिकवते. साने गुरुजींनी निवडलं आणि रसाळ करून सांगितलं. माझा प्रश्न त्याहून रुक्ष आहे. एका ओवीचे नऊ पाठ कागदावर कसे मांडायचे, एवढाच. ते बारोन्सइतकं चिकाटीनं केलेलं मला दुसरीकडे दिसलं नाही, दिसलं तर सांगा, आनंदच होईल.

आणि देश छोटा म्हणून सोडू नका. लात्व्हियाची आजची लोकसंख्या २० लाखांच्या खाली आहे. आपला एकटा अमरावती जिल्हा २०११ च्या जनगणनेत २८ लाखांच्या वर होता.

गणितमास्तर

अकोट. विषय माझाच म्हणून लिहितो.

बारोन्सच्या कामात गणिताचं शिक्षण दिसतं. 'लात्व्यू दाइनास'मध्ये एकूण २,१७,९९६ गाणी आहेत. पण क्रमांक जातात ३५,७८९ पर्यंतच, कारण क्रमांक मिळतो तो मुख्य गाण्याला. बाकीची त्या गाण्याचे पाठभेद म्हणून त्याच्याखाली. पाठभेद पूर्ण छापायचा नाही, जी ओळ बदलली तेवढीच द्यायची आणि ती कुठून आली याचा क्रमांक. याला आम्ही समान पद बाहेर काढणं म्हणतो. जागा वाचते, आणि बदल कुठे झाला हे चटकन दिसतं.

ताई, तुम्ही हे संगणकावर करा. एका ओवीला एक ओळ. रकाने असे: क्रमांक, मुख्य ओवीचा क्रमांक, म्हणणारीचं नाव, गाव, माहेरचं गाव (हे विसरू नका, बाई ओव्या माहेराहून आणते), प्रसंग, ध्वनिफितीचा क्रमांक. मग "ही कोणत्या वहीत" हा प्रश्नच उरत नाही. प्रसंगाच्या रकान्यात हळद आणि जातं दोन्ही लिहा. बारोन्सची पट्टी एका वेळी एकाच खणात राहू शकत होती. त्याची अडचण लाकडाची होती, तुम्हाला ती नाही.

वऱ्हाडी_बुढा

मास्तर, हिशेब त झकास मांडला. पन मले येक गोठ सांगा. मुख्य ओवी कोनती अन् तिचा भेद कोनता, हे कोनं ठरवलं? त्या बारोन्स बावानंच ना? म्हंजे जी बाई पह्यले म्हनली ती मुख्य नाई, ज्याच्या हातात कागद हाये त्याले जी आवडली ती मुख्य. बाकीच्या बायांची येक येक वय (ओळ) खाली बारीक अक्षरात!

पोयाच्या झडत्या घ्या. तोरनाखाली बैल उभे ऱ्हायले की येक जन झडती म्हनते, दुसरा त्याच्यावर चढवते. आमच्याइकडं दरसाली झडती नवी होते. कापसाचा भाव पडला त भावावर, सरपंच बदलला त सरपंचावर, पानी नाई आलं त पान्यावर. मांगची अर्धी वय घेतली अन् पुढची जागच्या जागी जोडली. आता याच्यात मुख्य कोनती? मी त म्हनतो ज्या साली जे म्हनलं ते त्या सालाचं. साल लिवा, गाव लिवा, अन् म्हननाऱ्याचं नाव लिवा. बस.

गणितमास्तर

काकाजी, मुद्दा मान्य. मुख्य गाणं निवडणं ही सोय आहे, न्याय नाही. पण सोय नसली तर दोन लाख गाण्यांत सापडायचं काय?

वऱ्हाडी_बुढा

तुमच्या संगनकात शोधाले बटन नाई का?

झाडीवाली

मी गोंदिया जिल्ह्यातली, धानाच्या पट्ट्यातली. पूर्णाकाठची ताईंनी चाल कुठेच लिहिली नाही, म्हणून येते मध्ये.

बारोन्सच्या कामातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे जी. शब्द आहेत, चाल नाही. कपाटातल्या त्या पट्ट्यांवर सूर नाहीत. चाली गोळा करण्याचं काम आंद्रेयस युर्यान्स या संगीतकारानं वेगळं केलं, पुढे एमिलिस मेलन्गाइलिसनं केलं. पण शब्द एकीकडे, सूर दुसरीकडे अशी फारकत झाली ती झालीच. त्या काळी गावोगाव ध्वनिमुद्रण करायची सोय नव्हती, त्याला दोष देत नाही. आपल्याकडे मात्र प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

रोवण्याच्या वेळची गाणी आमच्याकडे बांधीत वाकून, चिखलात पाय असताना म्हणतात. बाया एका रांगेत मागे सरकतात आणि गाणं त्या हातांच्या वेगानं चालतं. तेच गाणं त्याच बाईला ओसरीवर बसवून म्हणायला लावा, लय बदलते, मधली दोन कडवी तिला आठवतच नाहीत. हे मी स्वतः पाहिलंय. दंडारीचं (आमच्याकडचं लोकनाट्य) तर विचारूच नका. ढोलकी आणि नाच काढून टाकला तर कागदावर जे उरतं त्याला दंडार म्हणवत नाही. म्हणून माझ्या मते, आधी काम चालू असतानाचा आवाज घ्या, मग बसवून शब्द विचारा. दोन्ही ठेवा. गोंगाट आला म्हणून पहिला पुसू नका.

पूर्णाकाठची

झाडीवाली, हे फार कामाचं. जातं मात्र आता चालू अवस्थेत मिळतच नाही. चक्की गावात आली तेव्हापासून जातं फक्त हळदीला बाहेर निघतं, तेही पाच मुठी दळण्यापुरतं. मी बायांना रिकामं जातं ओढायला लावलं आहे. हसतात, पण हात फिरायला लागला की खरंच ओव्या येतात.

निळाई

सगळी चर्चा वाचली. दोन गोष्टी कोणी काढल्या नाहीत म्हणून लिहिते.

एक, नाव. बारोन्सच्या खंडांत पाठवणाऱ्याचा आणि परगण्याचा क्रमांक मिळतो. जिच्या तोंडचं गाणं ती बाई बहुतेक वेळा मिळत नाही. पाठवणारे मास्तर इतिहासात गेले, गाणारी राहिली बाहेर. त्याच्या उलट हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं जे काम पुण्याकडून सुरू केलं, एक लाखाच्या वर ओव्या, त्यात बाईचं नाव, गाव जपलेलं आहे. आता 'पारी'च्या (ग्रामीण भारतावरचा ऑनलाइन संग्रह) संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात, कितीतरी ठिकाणी गाणारीच्या फोटोसकट. तिथे बाई क्रमांक नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जन्म ते मरण हा क्रम वाचायला सुंदर वाटतो, पण त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या कुठे बसवणार? माझ्या आजीच्या पिढीनं नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस पाहिला आणि घरी येऊन जात्यावर ओव्या बांधल्या. त्यात लग्न नाही, पाळणा नाही, सण नाही. पंढरीच्या ओवीचीच ठेवण, पण विठ्ठलाच्या जागी भीमराव. वर सांगितलेल्या संग्रहात अशा ओव्यांचा मोठा भाग आहे. म्हणजे बायांनी जुना साचा घेऊन नवा इतिहास त्यात ओतला. "लोकगीत म्हणजे फार फार जुनं, अनादि" असं धरून बसलेला संग्राहक हे गाणं वहीत घेतच नाही, त्याला ते "अलीकडचं" वाटतं. तर पूर्णाकाठची, थेट विचारते. तुमच्या वह्यांत आमच्या वस्तीतल्या ओव्या आहेत का?

रोखठोक

हा प्रश्न विचारायलाच हवा होता. बारोन्सच्या बाबतीतही हाच मुद्दा येतो. एकोणिसाव्या शतकात युरोपभर जो तो आपलं राष्ट्र सिद्ध करायला लोकगीतं जमवत होता. हर्डर हा जर्मन विचारवंत १७६४ ते १७६९ रीगात होता आणि पुढे त्याच्या लोकगीत-संग्रहात त्यानं लात्व्हियन गाणीही घेतली. म्हणजे आधी बाहेरच्यानं सांगितलं की तुमच्या गड्यामाणसांच्या गाण्यांत काहीतरी आहे, मग घरच्यांना पटलं. राष्ट्र उभं करायला निघालेला माणूस निवड करणारच, जे राष्ट्राला शोभत नाही ते गाळणारच.

पूर्णाकाठची

निळाई, आहेत. कमी आहेत, ही खरी गोष्ट. मी मराठा-कुणबी आळीत राहते, पहिल्या वह्या तिथल्याच भरल्या. शाळेतल्या एका मुलीच्या आजीनं घरी बोलावून ओव्या सांगितल्या तेव्हा त्या बाजूचं दार उघडलं. त्या ओव्या मी "देवाच्या" वहीत लिहू की वेगळ्या, असं आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "देवाच्या कायले लिव्हतं? बापाच्या लिही." तेव्हापासून त्या बापाच्या ओव्यांत आहेत.

रोखठोक, गाळण्याबद्दल तुम्ही म्हणता ते अनेकांना लागू आहे, बारोन्सला पुरतं नाही. चावट, उघडी-वाघडी गाणी त्यानं फेकली नाहीत. वेगळी ठेवली, पण शेवटच्या खंडात छापली. एकोणिसाव्या शतकातल्या चष्मेवाल्या, लांब दाढीच्या मास्तराकडून ही अपेक्षा नव्हती. त्यांच्याकडे लग्नात दोन्ही बाजूंच्या बायका एकमेकींना गाण्यातून टोमणे मारतात, अगदी आपल्या विहिणीच्या गाण्यांसारखं, तेही सगळं आलंय. आपल्याकडे "हे कशाला लिव्हतं बाई" असं म्हणून सर्वांत आधी हीच गाणी वहीबाहेर राहतात. आणि सांगायला बाया तयार असतात हो! फक्त पुरुष मंडळी अंगणातून उठली पाहिजेत.

टपालवाला

विषयाला सोडून: लात्व्हियाच्या १०० लाटच्या नोटेवर या बारोन्सचाच चेहरा होता. २०१४ ला युरो आला आणि ती नोट गेली. कपाट २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत घेतलं. आमच्याकडे लोकगीतवाल्याचं नाव एखाद्या रस्त्याला असेल तर कळवा.

सुगरण_माय

मी शिकलेली सातवीपर्यंत, नातू टाईप करून देऊन राहिला. चुकलं तर त्याचं.

तुम्ही सगळे जन्म-मरण, खण-कप्पे करून राहिले. आम्ही जात्यावर बसलो की कसं म्हणायचो ते विचारा ना कोणी. पहिल्यानं देव. पहिली ओवी, दुसरी ओवी अशी मोजून पाच देवांना. मग माय-बाप. मग भाऊ, तो संपता संपत नाही. मग भावजय, तिच्यावर थोडी जिभली. मग भाचे. मग आपले लेकरं. नवरा शेवटी, तोही नाव न घेता. सासू जागी असली तर सासूची ओवी मोठ्यानं, माहेरची हळू. दळणाच्या घासाघासाला ओवी बदलते पण माणूस तोच राहतो. एका माणसाच्या ओव्या संपल्या की दुसऱ्या माणसाच्या. मधूनच लग्नाची, मधूनच पाळण्याची असं आम्ही कधी म्हटलं नाही. भावाच्या ओव्यांत त्याचं लग्न पण येते, त्याचा मळा पण येते, तो न्यायला आला नाही ते पण येते.

आता तुम्ही लग्नाच्या ओव्या एका वहीत अन् मळ्याच्या दुसऱ्या वहीत टाकल्या तर भाऊ कुठं राहिला?

गणितमास्तर

माय, यावर माझ्याकडे उत्तर नाही. रकाना वाढवतो: "कोणावर".

झाडीवाली

रकाना नाही हो मास्तर, तोच पहिला क्रम करा. बारोन्सनं बसल्या जागी जो क्रम लावला तो वाचणाऱ्याच्या सोयीचा होता, कारण त्याच्याकडे सुटी सुटी चार ओळींची गाणी पाकिटातून यायची. म्हणणारी कोणत्या गाण्यावरून कोणत्या गाण्यावर गेली, हे त्याला पाकिटातून कळणार कसं? ताई समोर बसून ऐकतात. त्यांना तो ओघ मिळतोय.

पूर्णाकाठची

हेच. माय, तुम्ही माझ्या वह्यांचं काम वाढवलंत, पण सुटलं. फोनमधल्या फिती परत ऐकतेय. मी उतरवताना "हिचं विषय सोडून चाललंय" म्हणून जिथे जिथे थांबवलं, तिथे ती भावावरून भावजयीवर जात होती.

ठरवलंय ते असं. मूळ संग्रह बाईगणिक, तिनं ज्या ओघात म्हटलं त्याच ओघात, एक अक्षर हलवायचं नाही, बोलीतलं प्रमाण करायचं नाही. त्यावर मास्तरांची सूची, तिच्यात कोणावर, प्रसंग, गाव, माहेर, साल. पाठभेद जुळवायला बारोन्सचीच रीत, पण काकाजी म्हणतात तशी, मुख्य-दुय्यम न करता सगळे सारख्याच अक्षरात. चावट गाण्यांची वही वेगळी नाही, फक्त म्हणणारीला विचारून नाव घालायचं की नाही ते.

निळाई, तुमच्या आजी बोलतील का? फोनवर नको, मी येते.

निळाई

बोलतील. पण कापूस वेचून झाल्यावर या, आत्ता सापडायच्या नाहीत. आणि फिती त्यांच्याकडेही ठेवायच्या, हे आधी.

पूर्णाकाठची

मंजूर. दोन प्रती, एक त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये.

वऱ्हाडी_बुढा

माह्याजोळ झडत्या हायेत, साल घालून लिवलेल्या. लोनच्याचे डाग हायेत वहीवर, पन वाचाले येते. फोटो काढून इथंच टाकू का येगळा धागा काढू?

पूर्णाकाठची

वेगळा काढा काकाजी. आणि ज्यानं ज्यानं म्हटल्या त्यांची नावं आठवत असतील तर आधी ती लिहून घ्या.